झोळीची लांब दोरी

लखीरामकाका येण्याआधी त्यांचा वास येतो. वास टीसीएल पावडरचा, म्हणजे गावच्या पाण्याच्या टाकीत जी पांढरी जंतुनाशक पावडर टाकतात तिचा. काका ग्रामपंचायतीचे पाणीवाले. बोटांची टोकं कायम पांढरट, शर्टाच्या बाह्यांवर रंग उडाल्याचे डाग आणि खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी. तांड्यातल्या बायका त्यांना चिडवतात, "लखीराम, तुले मच्छर तरी चावते का रे?" दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. काका विचारात पडतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात, "चावते."

काळजी करायला या माणसाला कारण लागत नाही. व्हॉल्व्ह बंद करून निघाले की अर्ध्या वाटेतून परत येतील आणि हात लावून बघतील. टाकीचं झाकण लावलं की नाही अशी शंका आली तर भरल्या ताटावरून उठतील. त्यांची बायको सुखीबाई, मी तिला काकू म्हणते, ती अगदी उलट. मोठा आवाज, मोठं हसणं, लग्नात सगळ्यांत पुढे नाचणारी. "हा मानूस मसनात नेला तरी उठून पाहीन, लाकडं बराबर रचले का नाई," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणते.

मी साधना, याच गावची आशा कार्यकर्ती. नाल्याच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. गरोदर बाया, बाळंतिणी, नवी लेकरं, लसी, गोळ्या हे माझं काम. लोकांवर ओरडणं हे कामात लिहिलेलं नाही, पण त्याशिवाय काम होत नाही.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी, तूर घरात येत होती तेव्हा, तापाची साथ आली. दवाखान्याच्या भाषेत फ्लू. आधी दिग्रसच्या बाजारातून एकदोघं कणकण घेऊन आले, मग बघता बघता तांड्यात घरोघरी कोणी ना कोणी गोधडीत गुरफटलेलं. शाळा ओस पडली. रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंनी खोकला ऐकू यायचा. आणि नेमकं त्याच दिवसांत काकांच्या सुनेला, शीलाला, आठव्या महिन्यातच कळा आल्या. गाडीनं यवतमाळला नेलं. मुलगी झाली, मुठीत मावेल एवढी. तिला तिथं काचेच्या पेटीत ठेवलं. जरा वजन धरल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता घरी न्या.

काका नाला ओलांडून माझ्या दारात आले तेव्हा मी चहा ठेवत होते.

"साधनाताई, नात घरी येऊन राह्यली."

"अरे वा! मग पेढे कुठायत?"

"पेढे कायचे घेऊन बसल्या? सारा तांडा खोकलून राह्यला. डाक्टरीनबाईनं सांगतलं, हिले सर्दी लागली तर पुन्हा पेटीत ठेवा लागीन, अन् मंग काई सांगता येत नाई. मी घरात काय मारू थे सांगा."

काय मारू! आमच्या कापसाच्या मुलखात रोग म्हटला की पहिला प्रश्न हाच. बोंडाला अळी लागली, काय मारू? पान लाल पडलं, काय मारू? आता नातीसाठीही काका तेच विचारत होते, आणि त्यांची नजर ओसरीत टांगलेल्या माझ्या नवऱ्याच्या फवारणी पंपाकडे गेलेली मी पाहिली.

"काका, त्या पंपाला हात लावाल तर याद राखा. त्यात विष भरतात."

"धुऊन घेतलं तर?"

"धुऊनही नाही!"

ते गेले, पण मला चैन पडेना. खरं सांगायचं तर काय वापरायचं हे मलाही नीट ठाऊक नव्हतं. साबणानं हात धुवा, खोकताना तोंड झाका, एवढं मी पाठ म्हणून दाखवते. पण घरात पुसायला काय, हे कोणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, सिस्टरला विचारते, आणि त्या दिवशी लसीकरणाच्या गडबडीत राहूनच गेलं.

दरम्यान काका दिग्रसला दुकानात जाऊन आले. दुकानदारानं त्यांच्यासमोर बाटल्यांची रांग मांडली. हिरवं फिनाईल, काळं फिनाईल, दुधासारखं होणारं पांढरं, जखमेवर लावतात ते तपकिरी औषध, संडासचं ॲसिड आणि एक फुसफुस करणारा डबा, ज्याच्यावर हसरं कुटुंब छापलेलं. काकांनी एकेका बाटलीचं टोपण उघडून वास घेतला. कोणतं चांगलं, असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, सगळेच चांगले. आता सगळंच चांगलं म्हणणाऱ्यावर काकांसारख्या माणसानं विश्वास कसा ठेवावा? ते रिकाम्या हातानं परत आले. तांड्यात तर सल्ल्यांना तोटाच नव्हता. कोणी म्हणे कडुलिंबाचा पाला जाळा, कोणी म्हणे कापूर ठेवा. त्यांचा मुलगा जीवन दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, तो मोबाईलवर बघून म्हणाला, पावडर आणि ॲसिड एकत्र करून मारू, डबल पॉवर येईल.

काका रात्रभर तळमळले असणार. सकाळी त्यांनी ठरवलं की दुसऱ्याचं काही नको. सगळ्या गावाचं पाणी ज्या पावडरीनं शुद्ध होतं, त्या पावडरीवर आपला भरवसा.

मी त्या सकाळी तांड्यात गेले तर त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच डोळे चुरचुरायला लागले. घरात पाहते तो काकू वाकून मागची खोली सारवत होती. ती खोली मातीची आहे, उन्हाळ्यात थंड आणि थंडीत उबदार राहते, म्हणून बाळंतीण तिथेच राहणार होती. लेकरू घरी येण्याआधी घर सारवायचं, ही त्यांची रीत, आमचीही आहे. पण शेणाच्या बादलीत काका ओंजळीनं टीसीएल पावडर टाकत होते आणि काठीनं ढवळत होते. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"काकू, बाहेर या आधी! काका, हे काय चाललंय?"

"शेनात पावडर कालवली," काका अभिमानानं म्हणाले. "शेनानं घर शुद्ध होते अन् पावडरनं जंतू मरते. दोन्ही काम एका हातानं. वास पाहा ना कसा येऊन राह्यला."

त्यांचं घर स्वच्छ करायचं ठरलं तर त्यांना याहून मोठा विचार सुचणं शक्य नव्हतं. शेण आणि टीसीएल, त्यांच्या दोन्ही विश्वासाच्या वस्तू एका बादलीत आल्या होत्या. मला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते सांगता येईना. मी अंगणात जाऊन दीपा सिस्टरला फोन लावला. सिस्टर आमच्या उपकेंद्राच्या. बोलायला मऊ, पण चूक सापडली की मऊपणा संपतो. मी फोनचा आवाज मोठा केला.

"शेणात टाकली?" सिस्टर म्हणाल्या. "मग गेली ती पावडर वाया. शेणकाल्यात तिचा जोर राहतच नाही. घाण दिसली की आधी तिच्याशीच लढते आणि संपते. जंतूंसाठी उरत काही नाही."

"पन वास तर येऊन राह्यला," काका लांबूनच म्हणाले.

"वासावर जाऊ नका काका. वास येणं आणि काम होणं वेगळं. आणि तो वास लेकराच्या छातीला वाईट. इतक्या कमी वजनाचं लेकरू त्या खोलीत आणू नका, आधी दारं उघडी टाका."

जीवननं मागून डबल पॉवरचं विचारलं. सिस्टर इतक्या जोरात ओरडल्या की मोबाईल माझ्या हातून पडता पडता राहिला. पावडर आणि ॲसिड एकत्र आलं तर विषारी वायू निघतो, माणूस जागेवर गुदमरतो, असं त्यांनी दोनदा बजावलं. पावडर कशातच मिसळायची नाही, फिनाईलमध्येही नाही. नुसतं स्वच्छ पाणी.

काकांना पटलं नव्हतं. सिस्टरला नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती, पण चेहरा सांगत होता. ते आत जाऊन आपली छोटी बाटली घेऊन आले. पाण्यात पावडर पुरेशी आहे का ते बघायची बाटली. तिचे थेंब टाकले की पावडर असलेलं पाणी पिवळं होतं, नसलं तर होत नाही. हे काम ते रोज करतात. त्यांनी सकाळच्या नळाचं पाणी दोन ग्लासांत घेतलं. एकात थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. दुसऱ्यात चिमूटभर शेण कालवलं, ढवळलं, गमछ्यातून गाळलं आणि मग थेंब टाकले.

पाणी शेणकट रंगाचंच राहिलं. काकांनी ग्लास उन्हात धरला, हलवला, पुन्हा धरला. पिवळं काही आलं नाही.

"गढूळ पान्याले पावडर जास्त लागते," ते हळू आवाजात म्हणाले. "मीच तर सांगतो साऱ्याईले, पावसाळ्यात. मंग मले घरात काहून नाई समजलं?"

कारण घरात नात येणार होती, हे मला तेव्हा म्हणता आलं नाही. ते पायरीवर बसले. सारवलेली जमीन आत वाळत होती आणि बाळाला आणायला फक्त एक दिवस उरला होता. इतकी मेहनत करून काहीच झालेलं नाही, हे त्यांना कळलं होतं. मला त्यांची फार कीव आली.

सिस्टर अजून फोनवरच होत्या. त्या म्हणाल्या की जमिनीची एवढी काळजी करू नका, लेकरू काही जमिनीला हात लावत नाही. जिथं माणसांचे हात लागतात तिथं बघा. दाराची कडी, लाईटचं बटण, माठावरचा गडवा, मोबाईल. आधी साबणाच्या पाण्यानं मळ काढायचा. मग रोज ताजं पावडरचं पाणी, मी सांगते त्या मापानं, स्वच्छ बादलीत, दारं उघडी ठेवून. कपडा ओला करून पुसायचं, फवारायचं नाही. पुसलं की लगेच कोरडं करायचं नाही, थोडा वेळ ओलंच राहू द्यायचं, तेवढ्यात ते काम करतं. मग साध्या पाण्यानं पुसून घ्यायचं. बटण आणि मोबाईलवर पाणी नको, बंद करून हाताला लावतो त्या स्पिरिटनं पुसायचे. बाळाच्या कपड्यांना पावडर नको, साबण आणि ऊन बास.

"आणि काका, एक नीट ऐका," त्या शेवटी म्हणाल्या. "हा आजार पुसण्यानं थोडा अडतो. जास्त अडतो तो आजारी माणूस लांब ठेवल्यानं. कडी चकचकीत आणि खोकणारा माणूस झोळीपाशी, असं असलं तर सगळं फुकट."

काकांनी मान हलवली. त्यांना पुसण्याचं लगेच समजलं होतं. माणसाचं नंतर समजलं.

शीला आणि बाळ आले तेव्हा त्या घराला साबणाचा वास होता. काकू सारवलेली जमीन खरडून पुन्हा नुसत्या शेणानं सारवून मोकळी झाली होती आणि खोली दिवसभर उघडी ठेवली होती. बाळ बहुतेक वेळ शीलाच्या छातीशी, दवाखान्यात शिकवलं तसं. शीला जेवायला, आंघोळीला उठली की तेवढ्यापुरतं झोळीत. मी वजन केलं, श्वास पाहिला, दूध ओढते का ते पाहिलं. ठीक होती. इतकी लहान होती की माझेच हात अवघडले.

काका आत आले नाहीत. दारात उभे राहून कडी पुसत होते.

"काका, या ना, बघा तरी."

"दिसून राह्यली इथून," ते म्हणाले. दिसत काहीच नव्हतं. शीलाची पाठ होती दाराकडे.

अंगणात काकू मला म्हणाली, "नाई येनार तो. त्याले भेव वाटते आपल्याच हाताचं." आणि मग तिनं, एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईनं, आवाज अगदी खाली आणून सांगितलं. जीवनच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. काका ऊसतोडीवरून परत आले, अंगात ताप घेऊन. किती महिन्यांनी लेक बघितली, तिला छातीवर घेऊन झोपले. आठ दिवसांत लेक गेली. खोकल्यानंच गेली. "मी कवाच काई म्हनलं नाई त्याले," काकू म्हणाली. "पन थो सोताच म्हनत असन." मी तिचा हात धरला. इतक्या वर्षांत काकांना हजारदा हसले होते मी, झाकणं तपासतात म्हणून. मला रडायला आलं.

आता खरी पंचाईत पुढेच होती. या तांड्यात नवं लेकरू घरी आलं की प्रत्येक घरातून कोणीतरी येतं आणि झोळीला झोका देतं. झोका देताना लेकराला दीर्घायुष्य मागतात. झोका न देता जो परत गेला तो रागावून गेला असं समजतात, आणि ज्यांनी झोका देऊ दिला नाही त्यांच्याकडे पुढच्या कार्याला कोणी येत नाही. झोळीला झोका द्यायची दोरी काकूनं हातानं केलेली, जुन्या कापडाची, कवड्या आणि आरसे लावलेली. जीवनही याच दोरीनं झोपला होता. किती हात लागले असतील तिला, कोण जाणे. काका दारातूनच त्या दोरीकडे बघत. कापडाची दोरी, कवड्या शिवलेल्या, ती पुसणार कशी?

"दोरी काढतो," ते म्हणाले.

"काढून पाह्य!" काकू म्हणाली. "लोकाईले काय सांगू? या पन झोका देऊ नोका? आपल्याले तांड्यात राह्यचं हाय का नाई?"

"पोरगी राह्यली पाह्यजे आधी."

दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. त्यांच्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत झालं, तरी मला सगळं कळलं. शीला आत बाळाला छातीशी धरून रडत होती आणि जीवन कोणाची बाजू घ्यावी ते न कळून अंगणात फिरत होता. मीही मध्ये पडून ओरडले, "कोणालाही आत येऊ देऊ नका, मी सांगते तांड्याला!" आशाताई सांगतील, आणि मग? मी नाला ओलांडून घरी जाणार. तांड्यात त्यांनाच राहायचं होतं.

तेवढ्यात गल्लीत हाक आली. तांड्याचे नायक भीमसिंग येत होते, पागोटं बांधून, आणि सोबत त्यांची बायको हंसाबाई. पहिला झोका नायकाच्या घरचा, ही रीत. हंसाबाई पदरात खोकत होती. चार घरांवरून तो खोकला ऐकू येत होता.

काका दारात उभे होते. नायकांचा शब्द त्यांनी आयुष्यात कधी मोडला नव्हता. पाणीवाल्याची नोकरी नायकांनीच मिळवून दिलेली. त्यांनी एकदा नायकांकडे बघितलं, एकदा आत बघितलं, आणि एकाएकी व्हॉल्व्हची चावी टाकून मागच्या बाजूनं निघून गेले. मला वाटलं, पळाले. मनातून मी त्यांना शिव्या घातल्या.

नायक अंगणात येऊन बाजेवर बसले. काकूनं पाणी दिलं. हंसाबाई उठून दाराकडे निघाली. मी आडवी झाले आणि हसत हसत तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. ती मला बाजूला सारायच्या बेतात होती, तोच काका धापा टाकत परतले. हातात नायलॉनच्या दोरीचं वेटोळं. विहिरीतली मोटर खाली सोडायला पंपघरात नवी दोरी आणून ठेवलेली होती, ती. त्यांनी ती साबणाच्या पाण्यातून काढली, एक टोक खिडकीतून आत टाकलं.

"शीला, झोळीले बांध. पक्की बांध."

मग दुसरं टोक ओढत अंगणभर मागे मागे आले आणि नायकांच्या समोर धरलं.

"नायक, पहिला झोका तुमचा. इथूनच द्या. पोरगी लहान हाय, डाक्टरनं कोनाले जवळ येऊ द्यायचं नाई म्हनून सांगतलं. मलेही नाई. मीही नाई गेलो आत."

नायकांनी दोरीकडे बघितलं, मग खिडकीकडे. म्हाताऱ्याचा अपमान झाला म्हणून ते उठून गेले असते तर मागून सगळा तांडा गेला असता.

"तूही नाई गेला?" त्यांनी विचारलं.

"नाई."

नायकांनी टोक हातात घेतलं आणि हळूच ओढलं. दोरी खिडकीच्या गजाशी कुरकुरली. आतून शीलाचा आवाज आला, "हालली, हालली!"

हंसाबाईला हसू फुटलं आणि हसता हसता खोकला. तिनं पदर तोंडावर घेतला आणि दुसऱ्या हातानं झोका दिला. मग काय, दोन दिवस अंगणात जत्राच. बाया यायच्या, लांबून झोका द्यायच्या, आतून "हालली" ऐकलं की खूश होऊन जायच्या. प्रत्येकीनंतर काका ते टोक पुसायचे. नायलॉनला मळ धरत नाही. आधी साबण, मग पावडरचं पाणी, मग थांबायचं. रांगेतली बाई घाई करू लागली तर म्हणायचे, "थांब, अजून ओली हाय, तिचं काम होऊ दे." कवड्यांची दोरी काकूनं आत उंच खुंटीवर टांगली. तिचंही समाधान झालं.

आणि एक दिवस पाणी वेळेवर आलं, पण काका दिसले नाहीत.

काकूचा निरोप आला तशी मी पंपघराकडे धावले. काका मोटरीच्या स्टार्टरशेजारी पोत्यावर पडले होते, गमछा तोंडाला गुंडाळलेला, अंग तापलेलं. सकाळी टाकीवर असताना घसा धरला, म्हणाले. तसेच इथे आले, घरी गेलेच नाहीत.

"जवळ येऊ नोका ताई. तुमाले त्या घरी जा लागते."

"ते मी बघून घेते. दवाखान्यात चला आधी."

जीवननं त्यांना गाडीवर बसवून आरोग्य केंद्रात नेलं, औषध मिळालं, आणि ते परत पंपघरातच येऊन पडले. मी दुरून विचारपूस करायची. त्यांचं एकच.

"कडी मीच पुसली. दोरी मीच पुसली. तवाच माया अंगात ताप असन तर? मी पुसून राह्यलो का लावून राह्यलो?"

त्या माणसाशी खोटं बोलवेना. मी एवढंच म्हटलं, तुम्ही हात धूत होता, आत गेला नव्हता.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सकाळ-संध्याकाळ नाला ओलांडून जायची, आधी तोंडाला मास्क लावून, कोपरापर्यंत हात धुऊन. बाळाचा श्वास बघायची, छाती आत ओढली जाते का ते बघायची, दूध ओढते का ते बघायची. ती शिंकली की शीला माझ्याकडे बघायची आणि मी शहाण्यासारखा चेहरा करायची. एकदा रात्रीतून बाळ थोडं गरम वाटलं म्हणून जीवन मला न्यायला आला, आणि मी देवाचं नाव न घेणारी बाई, वाटेत काय काय पुटपुटले ते सांगत नाही. थर्मामीटरमध्ये ताप नव्हता. गोधडी जास्त झाली होती. मी शीलावर ओरडले, आणि मग तिला पोटाशी धरलं.

बाळाला काही झालं नाही. वजन धरू लागली.

काकांचा ताप उतरला, खोकला राहिला. सिस्टरनं सांगितलं, अजून काही दिवस लांबच. ते गल्लीपलीकडच्या कडुलिंबाखाली येऊन बसू लागले. तिथून घराची खिडकी दिसते, आत अंधार दिसतो. बाळ रडलं की ते उठून उभे राहत आणि परत बसत.

एका दुपारी बाळ काही केल्या झोपेना. शीला थकून गेली होती. काकू आत गेली, बाहेर आली, नायलॉनच्या दोरीला आणखी एक तुकडा जोडला आणि ते टोक गल्ली ओलांडून लिंबाखालच्या दगडावर नेऊन ठेवलं. मग मागे सरकली.

"सारा तांडा झोका देऊन गेला," ती म्हणाली. "तूच राह्यला. दे."

काकांनी दोरीकडे बघितलं. शेजारच्या बादलीत हात बुडवले, साबण लावला, पुन्हा धुतले. मग टोक उचललं आणि ओढलं, इतकं हळू की दोरी जेमतेम ताणली. पुन्हा ओढलं. आतलं रडणं थांबलं नाही, पण तुटक झालं.

"काकू, हालली का?" मी विचारलं.

काकाच बोलले, गमछ्यातून.

"वजन लागून राह्यलं हाताले." त्यांचे डोळे भरले होते. "दोरीतून समजते. भारी झाली ना थे?"

"हाव," काकू म्हणाली. "भारी झाली."

ते झोका देत राहिले. रडणं थांबलं, तरी देत राहिले. शेवटी शीलानं खिडकीतून झोपल्याची खूण केली तेव्हा त्यांनी दोरी खाली ठेवली, टोक पावडरच्या ओल्या कपड्यानं पुसलं, ओलं राहू दिलं आणि पंपघराकडे निघाले. अर्ध्या वाटेत थांबले आणि परत आले. मी म्हणणार होते की काका, सगळं ठीक आहे, काही बघायचं राहिलं नाही. पण ते गाठ बघायला आलेच नव्हते. त्यांनी दोरी उचलली आणि झोपलेल्या नातीला आणखी एक झोका दिला.